दोन खाटांची खोली

अमरावती, ११ मे २०२५

आत्या,

पत्ता लिहायचा नाही असं इथल्या आरती मॅडमनी बजावलंय, म्हणून वर नुसतं अमरावती. मी जिवंत आहे, जेवते आहे आणि तुझी फार आठवण येते. नमस्कार त्यातच समजून घे.

सुमेध आणि मी सुरक्षागृहात आहोत. घरच्यांच्या धाकाने पळालेल्या जोडप्यांना सरकार काही दिवस ठेवून घेतं, ती ही जागा. फोनवरून ठिकाण सापडतं म्हणून आमचे मोबाइल आल्याबरोबर जमा करून घेतले. आमचे वकील हरिहरकाका दर मंगळवारी येतात, ते हे पत्र टपालात टाकतील. उत्तर तू त्यांच्या ऑफिसात पाठव. सुट्टीत अकोल्याला आले की तू माझ्याकडून मामाला पत्र लिहून घ्यायचीस, आणि मी तोंड वर करून म्हणायचे, आता पत्र कोण लिहितं? घे, भोगते आहे.

लग्नाच्या नोंदणीची नोटीस परवा दिली. तिचा महिना भरेपर्यंत कायद्याने आम्ही एकमेकांचे कोणी नाही. त्यामुळे सुमेध अंगणापलीकडे पुरुषांच्या खोलीत आणि मी इकडे. संध्याकाळी व्हरांड्यात बोलू देतात, समोर आरती मॅडम भाजी निवडत बसलेल्या असतात. परवा आम्ही दोघांनी मिळून त्यांना गवार निवडून दिली. आमचा संसार सध्या एवढाच.

माझ्या खोलीत दोन खाटा आहेत. दुसरी रिकामी आहे, तिच्यावर मी बॅग ठेवते. आणि दाराला आतून कडी आहे. तुला हसू येईल, पण मी उगाचच ती लावून बघते. आपल्या घरी मुलीने आतून कडी लावली की बाहेरून विचारायचे, काय लपवून राहिली वं? इथे कोणी विचारत नाही.

बाबा काय बोलले ते तुला कळलंच असेल. कुलदीपदादा काहीच बोलला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

तुझी,
प्राजक्ता

•

अकोला, १५ मे २०२५

प्राजक्ता,

पोरी, तुझं अक्षर पाहिलं आणि खुर्चीत बसून घेतलं. आशीर्वाद पोटभर आहेत, रागही आहे. मला आधी सांगितलं असतंस तर मी काय तुला कोंडून ठेवलं असतं? सुमेध आपल्या जातीचा नाही हे मला ठाऊक आहे. मला तेवढंच ठाऊक आहे, तो मुलगा कसा आहे ते नाही, आणि तेच तू मला सांगायला हवं होतंस.

कुलदीप येऊन गेला. तू कुठे आहेस ते मला माहीत असेल असं त्याला वाटत होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. शिक्षिकेच्या नोकरीत एवढं शुद्ध खोटं मी कधी बोलले नव्हते.

किसनचं मनावर घेऊ नकोस. तुझा बाप असला तरी माझा धाकटा भाऊ आहे, मी त्याला कडेवर खेळवलंय. त्याचा राग दुधासारखा उतू जातो आणि मग खाली बसतो.

आणि ती रिकामी खाट मला पसंत नाही. कडी लावून एकटी बसलेली पोरगी नको नको ते विचार करते. डी.एड.ला असताना आम्ही एका खोलीत चौघी होतो, आरसा एक. भांडलो, पण रडायची पाळी आली तेव्हा पाठीवर हात फिरवायला कोणीतरी होतं. एखादी सोबतीण आली तर तोंड वाकडं करू नकोस.

वच्छलाआत्या

•

अमरावती, २२ मे २०२५

आत्या,

तुझ्या तोंडात साखर पडो. सोबतीण आली.

आकांक्षा नाव. दर्यापूरकडची आहे, माझ्याहून लहान दिसते, बारावीनंतर शिकलेली नाही. ती ज्याच्यासोबत पळून आली तो मुलगा सुमेधच्या खोलीत. आली, पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि पदराने तोंड पुसायच्या आधी विचारलं, "कोन्त्या गावची तू?"

आपल्याकडे कोणी नाव आधी विचारत नाही, हे मी विसरले होते. मी म्हटलं, मूर्तिजापूरकडची.

"मूर्तिजापूर? तिकडं त माही मावशी देल्ली हाय." आणि तिने गावाचं नाव घेतलं. आपलंच. "उत्तमराव चक्कीवाले, वयखतं काय?"

आत्या, उत्तमरावांच्या चक्कीची भिंत म्हणजे आपल्या परसाची भिंत. तिची मावशी म्हणजे आईचं दळण करून देणारी काकू. मी म्हटलं, नाही ओळखत. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू किसनरावची प्राजक्ता होय न? चक्कीवर समदे तुहीच गोष्ट करून राहिले होते."

तीन प्रश्नांत तिने मला उघडी पाडली. ती वाईट नाही. वाईट असती तर सोपं होतं. पण तिच्या घरचे समजूत घालायला येणारच आहेत, आणि त्यांना भेट नाकारता येत नाही. ते आले की मला पाहतील, आणि दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यासोबत माझा पत्ता आपल्या ओसरीवर. पळून आलेल्या माणसाला एका खोलीत कोणाशी बांधायचं म्हणजे त्याला आणखी एका घराच्या तोंडी द्यायचं. हे कोणाला कसं सुचत नाही?

बांधणं मी खरंच म्हणतेय. तिला एकटीला झोप लागत नाही. ओढणीचं एक टोक स्वतःच्या मनगटाला आणि दुसरं माझ्या खाटेच्या पायाला बांधून ती झोपते. मी कूस बदलली की खाट हलते आणि ती दचकून म्हणते, "हाय न वो?" मी म्हणते, आहे. शेळीसारखी बांधलेली मी, दुसरं काय म्हणणार?

तू लिहिलंस ते पाठीवर हात फिरवणं वगैरे मला नको आहे. मला कडी हवी आहे.

प्राजक्ता

•

अकोला, २६ मे २०२५

प्राजक्ता,

तुझं म्हणणं पटलं. हॉस्टेल आणि लपायची जागा यांत फरक आहे, तो मला कळला नाही. त्या लोकांना अर्ज दे. रडगाणं लिहू नकोस. सहखोलीतील मुलीचे नातेवाईक माझ्या गावचे आहेत, त्यामुळे माझ्या जिवाला धोका आहे, वेगळी खोली मिळावी, एवढंच लिही. हरिहर वकिलांना वाचून दाखव.

आता दुसरं. तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. किसन तुझी तेरवी करतो आहे. पत्रिका छापल्या आहेत. मला फोन आला, "अक्का, पाच तारखेला ये." मी म्हटलं, अरे, पोरगी धडधाकट आहे. तो म्हणाला, "आमच्यासाठी नाई." आणि फोन ठेवला.

मी जाणार आहे. त्याचा कान धरायला.

वच्छलाआत्या

•

अमरावती, १ जून २०२५

आत्या,

तुझं पत्र सुमेधला वाचून दाखवलं. आधी हसलो. मेनू काय असेल यावर पैज लावली. मग मला जेवण गेलं नाही, आणि त्यालाही नाही.

अर्जाचं उत्तर आलं. जागेअभावी स्वतंत्र खोली देता येत नाही, दोघींनी समजूतदारपणे राहावे. बायकांसाठी वर आणखी एक खोली आहे. तिच्यात कुठल्यातरी शिबिराच्या खुर्च्या आणि सतरंज्या कोंबल्या आहेत. खुर्च्यांना सोबत लागत नाही, म्हणून त्यांना वेगळी खोली.

आरती मॅडम भल्या आहेत. त्या म्हणाल्या, "मागं एक पोरगी एकटी ठेवली होती. तिनं काय केलं ते तुले सांगत नाई. तवापासून मी कोनाले एकटं ठेवत नाई." त्यांचंही खरं असेल. पण त्यांना मी माझ्या हातून मरायला नको आहे, आणि मला दुसऱ्याच्या हातून मरायचं नाही. दोन्हीसाठी एकच खोली आहे.

आकांक्षाशी मी बोलणं बंद केलं आहे. ती तरी रोज माझ्या ताटाची वाट बघते. आज म्हणाली, "मी मावशीले नाई सांगनार. तुही शपथ." शपथेवर कोण विश्वास ठेवतं.

प्राजक्ता

•

अकोला, ७ जून २०२५

प्राजक्ता,

जाऊन आले. कान काही धरता आला नाही. तिथे गेल्यावर मलाच सगळं खरं वाटायला लागलं.

अंगणात मांडव, खुर्चीवर तुझा फोटो आणि त्याला हार. फोटो मागच्या दिवाळीचा, माझ्या घरी काढलेला. त्यातून मला कापलं होतं, पण तुझ्या खांद्यावर माझी बोटं तशीच राहिली होती. कुलदीपने डोकं भादरलं होतं. सगळं गाव जेवायला होतं. वरण, पोळी, आलूवांगं, बुंदी. तू पैज जिंकलीस की हरलीस?

मी जेवले. पंगतीतून उठले असते तर भावाला चारचौघांत मारल्यासारखं झालं असतं.

आणि आता जे लिहिते ते नीट वाच. मला वाटतं, पोरी, तू सुटलीस. मी त्या माणसांमध्ये वाढले आहे. तेरवी झाली की आपल्याकडे सगळं मिटतं. राग, लोभ, देणंघेणं. मेलेल्यावर कोणी रागावत नाही. किसनचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. कुलदीपने मला मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं, पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, आमच्याकून संपलं आता." त्याचे डोळे ओले होते.

तुझी आई मात्र अजून रुसलेली आहे. निघताना मनकर्णावहिनीने माझं मनगट घट्ट धरलं आणि कानाशी म्हणाली, "बाई, तिले म्हना जिथं हाय तिथंच राह्य. इकडं येऊ नको म्हना." तोंडसुद्धा बघायचं नाही म्हणते. आईचा राग शेवटी जातो, जाईल.

तेव्हा त्या कोंडवाड्यात आता कशाला राहतेस? नोटिशीचा महिना भरत आला. माझ्याकडे ये. वरची खोली तुझी, आणि तिला आतून कडी आहे. लग्नाला माझ्या घरून जा, रिकाम्या हाताने पळालेल्या मुलीसारखी जाऊ नकोस. पिवळी साडी घेऊन ठेवली आहे. पोलक्याचं मापही माझ्याकडे आलं आहे. कसं आलं ते विचारू नकोस, आल्यावर सांगेन.

वच्छलाआत्या

•

अमरावती, १० जून २०२५

आत्या,

माप आईने दिलं ना? दुसरं कोण देणार? मी तुझं पत्र परत परत वाचलं. आई तोंडाने काही म्हणू दे, तिने माझं पोलकं पेटीतून काढलं, म्हणजे मी तिच्यासाठी मेलेली नाही. बाकी कोणाची तेरवी झाली तरी मला चालेल.

मी येते. सुमेधला पटलेलं नाही. तो म्हणाला, थोडे दिवस राहिलेत, काढू. त्याला मी म्हटलं, तुझ्या खाटेला कोणी ओढणी बांधत नाही. हरिहरकाका म्हणाले, तुम्ही सज्ञान आहात, तुमची मर्जी, पण मी असतो तर थांबलो असतो. स्वतःच्या मर्जीने जाते आहे असं मी लिहून दिलं आहे. सोळा तारखेला सुमेध नोंदणीच्या ऑफिसात थेट येईल.

आकांक्षाला सांगितलं तेव्हा ती खाटेवरून उठून दारात जाऊन उभी राहिली. "जाऊ नको वो. तेरवी झाली म्हंजे गावात तू मेलीच. आता खरंच मेली त कोन इचारनार?" काय बोलते बघ. तिला एकटीला झोप येत नाही, म्हणून मला घाबरवते. तिच्याबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते त्या क्षणी विरघळलं. मी तिला जवळ घेतलं. तिने माझ्या बॅगेत कैरीच्या फोडी बांधून दिल्या आहेत.

उद्या दुपारच्या गाडीने. हरिहरकाकांचा माणूस आजच अकोल्याला येतोय, हे पत्र तो हातोहात देईल. स्टेशनवर येऊ नकोस, मला घर सापडतं.

प्राजक्ता

•

अकोला, २९ जून २०२५

आकांक्षा,

तू मला ओळखत नाहीस. मी प्राजक्ताची आत्या. हे पत्र हरिहर वकिलांमार्फत पाठवते आहे.

प्राजक्ता तिकडे आली आहे का? आली असेल आणि माझ्यावर रागावून सांगू नको म्हणाली असेल, तर फक्त 'हो' लिही. मी पुढे काही विचारणार नाही.

ती माझ्याकडे चार दिवस नीट होती. हसत होती. साडी नेसून आरशासमोर उभी राहिली, पोलकं खांद्यात थोडं सैल झालं म्हणाली. लग्नाच्या आदल्या सकाळी मी बाजारात हार सांगायला गेले. परत आले तर दार सताड उघडं. वर साडी पलंगावर घडी घालून. चप्पल दारात तशीच. सुमेध दुसऱ्या दिवशी ऑफिस बंद होईपर्यंत पायरीवर बसून होता.

मला एकच सांग. तुझी मावशी तुला भेटायला आली होती, असं वकील म्हणाले. तू तिच्यापाशी बोललीस का, की प्राजक्ता अकोल्याला गेली आहे? लहान आहेस, तोंडून निघून गेलं असेल. मी रागावणार नाही. पण मला कळलं पाहिजे हे कोणामुळे झालं.

वच्छला

•

अमरावती, ४ जुलै

आत्याबाईले नमस्कार,

मले पुस्तकी लिहिता येत नाई, जसं बोलते तसं लिहून राहिली.

प्राजक्ताताई इथं आली नाई. तिची खाट तशीच हाय.

मी मावशीले सांगतलं नाई. मी शपथ घेतली होती. मावशी बावीस तारखेले आली, तवा ताई जाऊन किती दिवस झाले होते. उलट मावशीनंच मले सांगतलं. म्हने, कुलदीप आईच्या पेटीतलं पोलकं घेऊन अकोल्याले गेल्ता, चक्कीवर समद्याईले मालूम हाय. तुमच्या पत्रात माप आलं असं होतं, ते ताईनं मले वाचून दाखोलं होतं. ती लय खुश होती. आता तुमी मले सांगा आत्याबाई, पोलकं कोनं आनलं?

सुमेधदादा ठान्यात गेला. त्याले म्हंतात, तूच सांग कुठं लपोली. गावात पोलीस गेले त तिच्या बापानं पत्रिका दाखोली. म्हने, आमची पोरगी आधीच मेली, पाच तारखेले समद्या गावानं तेरवी जेवली, इचारा कोनालेबी. मावशीबी जेवली. कोनी काई बोलत नाई.

आमचं कोन आयकते. तुमी घरच्या हा. तुमीबी जेवल्या, पन तुमच्या घरात ती जिती होती. तुमालेच सांगा लागन.

आरती मॅडमनं इचारलं, नवी पोरगी येऊन राहिली, तुह्या खोलीत ठेवू काय. मी म्हटलं, मले नका इचारू, तिले इचारा. ओढनीचं टोक मी अजून ताईच्या खाटेलेच बांधते. खाट हलत नाई, मंग झोप येत नाई.

आकांक्षा

•

अकोला, १८ जुलै २०२५

आकांक्षा,

पोलकं कुलदीपनेच आणलं. मी वहिनीला फोन केला होता. म्हटलं, पोरगी लग्नाआधी माझ्याकडे येणार आहे, माप पाठव. आईला बरं वाटेल म्हणून सांगितलं. ती म्हणाली, सापडत नाही. मी हट्टाने पुन्हा मागितलं. दुसऱ्या दिवशी कुलदीप दारात, हातात घडी केलेलं पोलकं. चहा प्यायला. वरची खोली रिकामीच आहे का विचारलं. मी त्याला जिना दाखवला.

तुला लिहिलं तेव्हाही मला हे माहीत होतं. तरी दोष तुझ्यावर निघाला असता तर मला हवा होता.

आधी गावी गेले. वहिनी दारात उभी होती, मला आत ये म्हणाली नाही. "म्या सांगतलं होतं न बाई, तिथंच राहू द्या." एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं.

मग ठाण्यात गेले. किसन आणि कुलदीप आधीच बसलेले. कुलदीपच्या डोक्यावर आता केस आले आहेत. तो उठून माझ्या पाया पडला. ठाणेदारांसमोर पत्रिका होती.

"बाई, तुम्ही यांच्या बहीण. तेरवीला होत्या?"

"होते. पण ती—"

"जेवल्या?"

मी म्हटलं, जेवले. म्हटलं, त्यानंतर ती माझ्या घरी राहिली, तिने साडी नेसली, हसली, मी तिला वाढलं. ते म्हणाले, तेरवी जेवायची आणि मग माणूस जिवंत होतं म्हणायचं, कोर्टात आम्ही काय तोंड दाखवू? किसन जमिनीकडे बघत होता. माझा जबाब त्यांनी घेतला नाही. हरिहर वकील म्हणतात, अर्ज वर पाठवू, तुम्ही मागे हटू नका. मी हटणार नाही. पण मी ज्या पंगतीत बसले ती पंगत माझ्याआधी तिथे पोचलेली आहे, आणि ती गावाएवढी मोठी आहे.

सुमेधला मी माझ्याकडे बोलावलं होतं. तो आला नाही. त्याचं बरोबर आहे.

ती पिवळी साडी आणि पोलकं माझ्याकडे आहे. पोलीस ते न्यायलाही आले नाहीत.

तुला एक सांगायचं आहे. तुझ्या खोलीत नवी मुलगी आली की तिला पाणी दे, जेवायला वाढ, ती रडली तर जवळ बस. कडी तिला लावायची असेल तर लावू दे.

पण तिला गाव विचारू नकोस.

वच्छला